जहाजे धक्क्याला, माग समुद्रात: ओडेसा ते सेव्हास्तोपोल, जून २०२१

१८ जून २०२१ रोजी ब्रिटिश विनाशिका 'डिफेंडर' आणि डच फ्रिगेट 'एव्हर्टसेन' युक्रेनच्या ओडेसा बंदरात आल्या. त्याच रात्री, बारा वाजायला थोडा अवकाश असताना, जहाजांच्या रेडिओ संदेशांवरून त्यांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर दोन्ही जहाजे बंदर सोडताना दिसली. रेघ आग्नेयेकडे सरकत गेली आणि सेव्हास्तोपोल बंदराच्या तोंडापासून दोन सागरी मैलांवर पोचली. सेव्हास्तोपोल म्हणजे रशियाने युक्रेनकडून ताब्यात घेतलेल्या क्रिमियातले बंदर, रशियाच्या काळ्या समुद्रातील आरमाराचे मुख्यालय. नाटोच्या दोन लढाऊ जहाजांनी रात्रीच्या अंधारात तिथवर जाणे ही लहान गोष्ट नव्हती.

प्रत्यक्षात दोन्ही जहाजे रात्रभर ओडेसाच्या धक्क्याला बांधलेली होती. बंदराकडे रोखलेल्या कॅमेऱ्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर चालू होते आणि त्यात ती स्पष्ट दिसत होती. नौदल विश्लेषक एच. आय. सटन यांनी २१ जूनला यूएसएनआय न्यूज या नौदलविषयक अमेरिकी वृत्तस्थळावर ही विसंगती मांडली. दोनच दिवसांनी, २३ जूनला, खरीखुरी 'डिफेंडर' ओडेसाहून जॉर्जियाकडे निघाली आणि क्रिमियाच्या दक्षिणेकडून गेली. आपण इशाऱ्याचा गोळीबार केला, असे रशियाने जाहीर केले; ब्रिटनने ते नाकारले. खोटा माग आणि खरा तणाव यांत पाच दिवसांचेही अंतर नव्हते. म्हणून हे प्रकरण बारकाईने उलगडण्यासारखे आहे. नकाशावरचा ठिपका नेमका कशातून तयार होतो आणि तो कुठे कुठे तपासता येतो, हे त्यातून स्वच्छ दिसते.

संदेशात काय असते

एआयएस, म्हणजे जहाजाची आपोआप ओळख देणारी यंत्रणा, सागरी व्हीएचएफ पट्ट्यातल्या दोन वाहिन्यांवर चालते: १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. मोठ्या जहाजांवरचा 'अ' वर्गाचा ट्रान्सपाँडर, म्हणजे हे संदेश पाठवणारे यंत्र, १२.५ वॉटने बोलतो, वेग सेकंदाला ९,६०० बिट. प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले असतात. एक तुकडा, म्हणजे स्लॉट, २६.६७ मिलिसेकंदांचा, त्यात २५६ बिट मावतात आणि त्यांपैकी १६८ बिट म्हणजे प्रत्यक्ष पोझिशन रिपोर्ट. कोणता स्लॉट कोणी घ्यायचा हे कुठलेही केंद्र ठरवत नाही. प्रत्येक जहाज इतरांचे ऐकते आणि आपला पुढचा स्लॉट आधीच जाहीर करते.

त्या १६८ बिटांत ३० बिट जहाजाच्या एमएमएसआय या नऊ आकडी ओळख क्रमांकाला. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात: भारताचे ४१९, ब्रिटनचे २३२ ते २३५, नेदरलँड्सचे २४४ ते २४६. रेखांशाला २८ बिट, अक्षांशाला २७. दोन्ही एका मिनिटाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत. वेगाला १०, प्रवासाच्या दिशेला १२, नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, दिशेला ९. आणि वेळेला फक्त ६.

या सहा बिटांपाशी थांबायला हवे. त्यांत मावतो तो केवळ सेकंद, शून्य ते एकोणसाठ. तारीख, तास, मिनिट या संदेशात ठरलेल्या घरात नसतातच. ते ऐकणारे स्थानक आपल्या घड्याळावरून जोडते. शिवाय संदेशावर कोणतीही डिजिटल सही नाही, सांकेतिकीकरण नाही. शेवटचे १६ बिट तपासणी बेरजेचे असतात, पण ती बेरीज वाटेत बिट बिघडला का एवढेच सांगते. पाठवणारा खरा का, हे सांगत नाही. यंत्रणा धुक्यात दोन जहाजांची टक्कर टाळण्यासाठी बांधली गेली. स्वतःची जागा खोटी सांगून टकरीला आमंत्रण कोण देईल, हे त्यामागचे गृहीतक, आणि त्या कामापुरते ते रास्तच होते.

किती संदेश यायला हवेत, याचा हिशेब पक्का असतो. नांगरलेले किंवा बांधलेले जहाज दर तीन मिनिटांनी बोलते. १४ नॉट्सपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) दर १० सेकंदांनी, १४ ते २३ नॉट्सला दर ६ सेकंदांनी, त्याहून वेगात दर २ सेकंदांनी. वळताना हे अंतर आणखी कमी होते. नाव, हाकेचे चिन्ह (कॉल साइन), लांबी-रुंदी आणि पुढचे बंदर सांगणारा मोठा संदेश दर सहा मिनिटांनी. ओडेसा ते सेव्हास्तोपोल सरळ अंतर सुमारे १६० सागरी मैल. १८ नॉट्सने ते कापायला नऊ तास लागतात आणि त्या वेळात प्रत्येक जहाजाकडून ५,४०० पोझिशन रिपोर्ट हवेत. सगळे पोचत नाहीत, निम्मेही पोचले तर खूप. पण कच्च्या नोंदींत अगदी नेमक्या अंतराने, एकही न गळता संदेश येत असतील, तर ते समुद्रावरून आले असण्याची शक्यता कमी. लाटा, डोलकाठ्यांची सावली आणि स्लॉटची टक्कर खऱ्या नोंदींना नेहमी भोके पाडतात.

वेगाची कसोटी मात्र इथे चालली नसती. 'डिफेंडर'सारखी टाइप ४५ विनाशिका ३० नॉट्सच्या वर जाते, त्यामुळे हा प्रवास यंत्रबळाच्या दृष्टीने शक्य होता. माग जमिनीवरून जात नव्हता, उड्या मारत नव्हता. ज्याने तो रचला त्याला समुद्र कळत होता.

कोणी ऐकले?

मागाची तपासणी इथून सुरू करावी असे आमचे ठाम मत आहे. बहुतेक लोक ठिपका कुठे आहे ते पाहतात. तो कोणत्या स्थानकाने ऐकला हे पाहत नाहीत.

व्हीएचएफ लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. दोन्ही अँटेनांची मीटरमधली उंची घ्या, दोघांची वर्गमुळे काढा, बेरीज करून ४.१२ ने गुणा; रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. किनाऱ्यावर ३० मीटर आणि जहाजावर २५ मीटर उंचीचा अँटेना धरला तर ४३ किलोमीटर, म्हणजे २३ सागरी मैल. स्थानक १०० मीटरच्या टेकडीवर नेले तर ६२ किलोमीटर.

सटन यांच्या वृत्तानुसार, या मागाचा विदा (डेटा) मरीनट्रॅफिक या संकेतस्थळाला देणारे स्थानक चोर्नोमोर्स्कचे होते. हे गाव ओडेसाच्या अगदी जवळ आहे. तिथून सेव्हास्तोपोल साधारण २९० किलोमीटर. वरचे सूत्र उलटे वापरले तर तितक्या लांबचे जहाज थेट ऐकायला किनाऱ्यावरचा अँटेना सुमारे ४,३०० मीटर उंच हवा. म्हणजे एकावर एक अडीच कळसूबाई रचाव्या लागतील.

यावर एक खरा आक्षेप येतो आणि तो झटकून टाकू नये. उन्हाळ्यात समुद्रावर थंड ओलसर हवेचा थर आणि त्यावर गरम कोरडी हवा असली, की लहरी त्या थरात कोंडल्या जातात आणि क्षितिजापलीकडे शेकडो किलोमीटर जातात. मुंबईकरांना हे परके नसावे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारला कडक उन्हाळ्यात अरबस्तानचा किनारा दिसत असे, हजार मैलांहून लांबचा. एआयएसची वारंवारता त्या शेजारचीच. त्यामुळे 'इतक्या लांबचे ऐकूच येणार नाही' असे म्हणणे चूक ठरते.

पण अशी वाट उघडली की ती सगळ्यांसाठी उघडते. मग चोर्नोमोर्स्कच्या स्थानकाला त्याच तासांत सेव्हास्तोपोलच्या आसपासची मालवाहू जहाजे, टग, मच्छीमार नौकाही ऐकू यायला हव्यात. त्याही तुटक, कमी-जास्त ताकदीने. एकाच स्थानकावर लांबची दोनच जहाजे, दोन्ही युद्धनौका, आणि ओडेसापासून अखेरपर्यंत सलग, असे हवामानामुळे होत नाही. आणखी एक गोष्ट: सेव्हास्तोपोलच्या जवळ बसवलेल्या एखाद्या स्थानकाने त्यांना ऐकले का? खऱ्या जहाजाला वाटेत स्थानके बदलत जावी लागतात, जशी मुंबई-गोवा महामार्गावर फोनचे मनोरे बदलत जातात.

संदेश आकाशातून आला की तारेतून

ट्रान्सपाँडर न लावताही खोटा माग तयार करता येतो. किनाऱ्यावरचा रिसीव्हर रेडिओ संदेश उलगडून त्याची एक ओळ बनवतो. १६८ बिटांची सहा-सहाच्या गटांत २८ अक्षरे होतात, पुढे वाहिनीची खूण, शेवटी तपासणीचे दोन आकडे. ही ओळ इंटरनेटवरून संकलकाकडे, म्हणजे अनेक स्थानकांचे संदेश गोळा करणाऱ्या संकेतस्थळाकडे, जाते, बरेचदा यूडीपी या साध्या पद्धतीने, ठरावीक पत्त्यावर आणि पोर्टवर. जगभरातली असंख्य स्थानके हौशी लोकांनी घराच्या गच्चीवर बसवलेली आहेत आणि या जाळ्याची सगळी ताकद त्यांच्या चिकाटीतून आली आहे. पण ज्याला पत्ता आणि पोर्ट ठाऊक, तो संगणकावर बनवलेल्या ओळीही तिथे पाठवू शकतो. प्रशिक्षणासाठीचे एआयएस सिम्युलेटर हुबेहूब तशाच ओळी बनवतात.

दोन-तीन संकेतस्थळांवर तोच माग दिसला म्हणून तो पक्का मानणे ही नेहमीची फसगत. संकलक आपसांत विदा वाटून घेतात आणि एकच स्थानक अनेकांना ओळी पाठवते. तीन ठिकाणी दिसणारा माग एकाच उगमाचा असू शकतो. दोन साक्षीदार वेगळे तेव्हाच, जेव्हा त्यांचे अँटेना वेगळे.

तारेतून घातलेला आणि हवेतून आलेला संदेश ओळखायला तीन जागा हाती लागतात. पहिली, संदेशाच्या शेवटचे १९ बिट. त्यांत स्लॉटच्या समन्वयाची माहिती फिरत्या क्रमाने येते: कधी वापरात असलेल्या स्लॉटचा क्रमांक, कधी हे जहाज स्वतः किती इतर जहाजांना ऐकते आहे तो आकडा, आणि कधी जागतिक प्रमाणवेळेचा तास व मिनिट. ओडेसाच्या गजबजाटातून निघालेले जहाज मोकळ्या समुद्रात गेले की ऐकू येणाऱ्यांचा आकडा उतरत जायला हवा. सिम्युलेटर हे घर बरेचदा शून्य ठेवतो किंवा एकच मूल्य उगाळतो. आणि जुनी नोंद पुन्हा वाजवली असेल, तर आतला तास-मिनिट स्थानकाच्या घड्याळाशी जुळत नाही. दुसरी जागा म्हणजे सिग्नलची ताकद. जहाज लांब जाताना ती घसरते. तारेतून आलेल्या ओळीला ताकदच नसते. तिसरी, एकाच जहाजाच्या वेगवेगळ्या संदेशांतला मेळ. नाव आणि लांबी-रुंदी सांगणारा मोठा संदेश योग्य अंतराने येतो का, जहाजावरच्या अँटेनाची जागा त्याच जहाजाच्या जुन्या नोंदींशी जुळते का, नाळेची दिशा प्रवासाच्या दिशेपासून वारा-प्रवाहाने थोडी तरी ढळते का. दोन्ही दिशा तासन् तास दशांशापर्यंत सारख्या असतील, तर ते जहाज समुद्रात नाही.

संकेतस्थळावरच्या नकाशात यातले जवळपास काहीच दिसत नाही. तिथे संदेश विरळ करून साठवतात आणि मधल्या जागा सरळ रेघेने जोडतात. म्हणून तपासणीला कच्च्या ओळीच हव्यात.

कॅमेरा आणि उपग्रह

ओडेसात निकाल कॅमेऱ्याने लावला, पण कॅमेऱ्यालाही प्रश्न विचारावे लागतात. चित्रण त्याच रात्रीचे आहे कशावरून? जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ओडेसाला स्थानिक वेळेनुसार पहाटे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो. चित्रात उजाडण्याची वेळ जुळते का ते पाहायचे. त्या रात्री आत-बाहेर गेलेल्या इतर जहाजांचा एआयएस माग घ्यायचा आणि तीच जहाजे त्याच मिनिटाला कॅमेऱ्यासमोरून गेली का ते ताडायचे. ही दुसरी पद्धत फार भरवशाची, कारण एका टगच्या चार फेऱ्याही चित्रणाचे घड्याळ पक्के करतात.

कॅमेरा नसता तर उपग्रह. युरोपच्या सेंटिनेल-१ च्या रडार चित्रात एक ठिपका सुमारे १० मीटरचा. 'डिफेंडर' १५२ मीटर लांब, 'एव्हर्टसेन' १४४. म्हणजे चौदा-पंधरा ठिपक्यांची उजळ रेघ. रात्र आणि ढग त्याला आडवे येत नाहीत. सेंटिनेल-२ चे प्रकाशचित्र तितक्याच बारकाईचे, पण ढगांपुढे हतबल. अडचण वेळेची: उपग्रह नेमक्या त्या तासाला डोक्यावर नसतो. मात्र सलग नऊ तासांचा माग असेल, तर त्यातल्या एखाद्या क्षणी चित्र मिळण्याची आशा असते, आणि जिथे जहाज हवे तिथे कोरे पाणी दिसले तर ते एक चित्र पुरते.

एआयएस ऐकणारे उपग्रहही आहेत. त्यांच्या टापूत एकाच वेळी हजारो जहाजे येतात, एकमेकांना न ऐकणारी जहाजे तोच स्लॉट वापरतात, संदेश आदळतात आणि बरेचसे वाया जातात. म्हणून उपग्रहाला एक-दोन संदेश चुकणे नेहमीचे. नऊ तासांत एकही न मिळणे, तेही शेजारच्या जहाजांचे मिळत असताना, याला मात्र वजन आहे.

दुसरी स्पष्टीकरणे का टिकत नाहीत

जीपीएसची फसवणूक झाली असेल का? काळ्या समुद्रात ती झालेली आहे. जून २०१७ मध्ये नोवोरोस्सीस्कजवळच्या किमान वीस जहाजांना आपण गेलेंजिकच्या विमानतळावर आहोत असे दिसू लागले. तिथे ट्रान्सपाँडर प्रामाणिक होते. त्यांना मिळालेली जागाच खोटी होती. पण त्या प्रकाराची खूण वेगळी: एका टापूतली सगळी जहाजे एकदम एका ठिकाणी उडी मारतात, बरेचदा जमिनीवर. ओडेसाच्या धक्क्यावरची दोनच जहाजे हलली आणि बाजूची जागेवर राहिली, हे जीपीएसच्या खोट्या सिग्नलने होत नाही.

एमएमएसआयची गल्लत? दोन जहाजांना चुकून एकच क्रमांक भरला, की नकाशावर एक जहाज दोन जागांमध्ये करवतीसारखे झुलते. मासेमारीच्या जाळ्यांना लावलेल्या, एआयएस संदेश देणाऱ्या स्वस्त बोयांमुळे (तरंगत्या खुणांमुळे) हे वारंवार घडते. दोन वेगळ्या देशांच्या युद्धनौकांच्या बाबतीत, एकाच रात्री, एकाच दिशेने असे होणे शक्य नाही.

आणि युद्धनौकांवर एआयएसची सक्तीच नाही. सोलास या समुद्रावरील सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या ३०० टन व अधिक सकल टनभाराच्या जहाजांना आणि आकार कोणताही असो, सर्व प्रवासी जहाजांना बंधनकारक आहे. नौदले सोयीनुसार बोलतात किंवा नुसती ऐकतात. खोटा माग रचणाऱ्याला हे फार सोयीचे पडते. खरा ट्रान्सपाँडर गप्प असला की खोट्याशी त्याचा झगडा होत नाही आणि नकाशावर रेघ स्वच्छ उमटते. धक्क्यावरचे जहाज बोलत असते, तर नऊ तासांत त्याचे १८० संदेश ओडेसातूनच आले असते आणि बनाव तिथेच करवतीसारखा फाटला असता.

एक रात्र नव्हती

स्कायट्रुथ आणि ग्लोबल फिशिंग वॉच या समुद्रावर नजर ठेवणाऱ्या ना-नफा संस्थांसाठी काम करणारे विश्लेषक ब्योर्न बर्गमन यांनी फेब्रुवारी २०२१ मधल्या स्वीडिश नौदलाच्या जहाजांच्या मागांपासून सुरुवात केली. ती जहाजे तिथे नव्हतीच, असे स्वीडनने सांगितले. खऱ्या आणि खोट्या संदेशांची ठेवण शेजारी ठेवल्यावर बर्गमन यांना खोट्यांत समान खुणा सापडल्या. त्या खुणांनी जुना विदा चाळला तेव्हा सप्टेंबर २०२० पासूनचे जवळपास शंभर खोटे माग बाहेर आले, बहुतेक सगळे युरोप आणि नाटो देशांच्या युद्धनौकांचे. त्यांत सप्टेंबर २०२० चा एक माग विमानवाहू 'क्वीन एलिझाबेथ' आणि तिच्या ताफ्याचा होता, आयरिश समुद्राकडे जाणारा. उपग्रहचित्रात तिथे फक्त पाणी होते. हे निष्कर्ष जुलै २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. करणारा कोण, हे त्यांतून सिद्ध झाले नाही, आणि बर्गमन यांनी तसा दावाही केला नाही. त्याच जूनच्या शेवटी अमेरिकी विनाशिका 'रॉस' ओडेसात असताना नकाशावर क्रिमियाच्या फिओडोसियाजवळ दिसली. तिथेही बंदराचा कॅमेराच उपयोगी पडला.

आपल्या किनाऱ्यावर ऐकणाऱ्यांसाठी

स्वतंत्र अँटेना हाच पुरावा असेल, तर किनाऱ्यावरचे प्रत्येक स्थानक मोलाचे आहे. भारतात दीपगृहे आणि दीपनौका महासंचालनालयाची राष्ट्रीय साखळी ७४ दीपगृहांवर उभी आहे. खासगी ऐकण्याला साहित्य थोडे लागते: आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), लहान संगणक, एआयएस-कॅचरसारखे सॉफ्टवेअर आणि उभा पाव-लहरी अँटेना, ज्याची काडी सुमारे ४४ सेंटिमीटर.

ऐकू येत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा तारेतून उगवते. आरजी-५८ केबल या वारंवारतेला १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल खाते. गच्चीवरून २० मीटर तार खाली आणली की चार डेसिबल गेले, म्हणजे निम्म्याहून अधिक सिग्नल तारेतच जिरला. एलएमआर-४०० या जाड केबलमध्ये तेच नुकसान एका डेसिबलवर येते. त्याहून बरे म्हणजे डोंगल अँटेनाखालीच बसवून खाली नेटवर्कची तार आणणे. पुढचा दोष वारंवारतेच्या सरकण्याचा: स्वस्त डोंगल दशलक्षात ५० भाग चुकला तर १६२ मेगाहर्ट्झला ८ किलोहर्ट्झ बाजूला ऐकतो आणि संदेश उलगडत नाही. चूक किती आहे तो आकडा मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरावा. उन्हात डब्बा तापला की तो पुन्हा बदलतो. कोकणात खारी हवा जोडांना एका पावसाळ्यात हिरवे करते, म्हणून जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी आणि त्यावर साधी टेप, दोन्ही हव्यात.

नोंदी ठेवताना नुसता नकाशा साठवू नका. मूळ ओळ, वाहिनी, सिग्नलची ताकद आणि एनटीपीशी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याच्या सेवेशी) जुळवलेली वेळ मिलिसेकंदापर्यंत, एवढे दररोजच्या फाइलीत राहू द्या. स्थानकाच्या टप्प्याचा सामान्य दिवसाचा आलेख काढून ठेवा. एप्रिल-मेमध्ये लांबची जहाजे दिसू लागली तर तो उपयोगी पडतो.

मुंबईने याची उलटी बाजूही पाहिली आहे. जून २०११ च्या अखेरीस ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' हे तेलवाहू जहाज महिनाभर वाहत आले आणि ३१ जुलैला जुहू-वर्सोव्याच्या वाळूत रुतले. यंत्रे बंद पडलेले जहाज पोझिशन रिपोर्ट देत नाही. सेव्हास्तोपोलसमोर रिपोर्ट होते आणि जहाज नव्हते. जुहूला जहाज होते आणि रिपोर्ट नव्हते. पावसाळी समुद्रातल्या मुक्या जहाजासाठी रडार, गस्त आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांची नजर लागते. एआयएसच्या पडद्यावर ते कधीच उमटत नाही.